रबराला आठवण असते!

यंत्रांच्या पोटात

दोस्तांनो, नांदेडहून लातूरला निघालेली एस.टी. लोह्याच्या नाहीतर अहमदपूरच्या स्टँडवर येऊन थांबते. ड्रायव्हरकाका एक छोटी दांडी ओढतात आणि गाडीच्या पोटातून मोठ्ठा 'फुस्स्स' असा आवाज येतो. धाब्यावर ट्रक लागला की तिथंही तोच आवाज! शेजारी उभं असलेलं एखादं पोर दचकतं आणि मोठी माणसं हसून म्हणतात, "काही नाही रे, हवा सोडली त्यानं."

हवा सोडली हे तर खरंच. पण कुठली हवा? टायरमधली नक्कीच नाही. मग ती आली कुठून? आणि हवा सोडल्यावर ब्रेक सुटला की लागला? तुमचं उत्तर आत्ताच मनाशी ठरवून ठेवा. ते बरोबर की चूक, हे लेख संपायच्या आत कळेल.

आज आपण ज्याला भेटणार आहोत, ते गाडीच्या जाहिरातीत कधी दिसत नाही. त्याला रंगरंगोटी नाही, आवाज नाही. ते असतं ब्रेकच्या पोटात, धूळ आणि उष्णता यांच्या शेजारी. ते म्हणजे रबराचं सील. बांगडीएवढं एक कडं, नाहीतर वाटीएवढी एक टोपी. पण ते रुसलं, तर सोळा टनांचा ट्रकसुद्धा ऐकेनासा होतो.

सोळा टन आणि सात लिटर

नांदेड ते लातूर हे अंतर साधारण १४० किलोमीटर. लोहा, अहमदपूर, चाकूर ही गावं वाटेत लागतात. मधे बालाघाटाच्या डोंगररांगा असल्यानं रस्त्याला चढउतार आहेत. याच रस्त्यानं सोयाबीन, तूर, हरभरा भरलेले ट्रक लातूरच्या बाजाराकडे येतात. काही तसेच पुढे औसा, तुळजापूर करत सोलापूरकडे जातात. त्यांना तुळजापूरचा घाट उतरायचा असतो.

समजा, गाडी आणि माल मिळून १६ टन वजनाचा एक ट्रक ताशी ६० किलोमीटर वेगानं चालला आहे. एकदम समोर बैलगाडी आडवी आली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला आणि ट्रक थांबला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला! पण आपण जरा वेगळा प्रश्न विचारू. ट्रकच्या अंगात जी एवढी ऊर्जा होती, ती गेली कुठे?

विज्ञानाच्या पुस्तकातलं सूत्र आठवा. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, आणि त्याचं निम्मं. १६,००० किलो आणि सेकंदाला सुमारे १६.७ मीटर हा वेग घालून गणित करा. उत्तर येतं जवळजवळ २२ लाख ज्यूल. ही ऊर्जा नाहीशी होत नाही. ब्रेकच्या घर्षणातून तिची उष्णता होते. एवढ्या उष्णतेत २५ अंशांचं सात लिटर पाणी थेट उकळीला येईल! चुलीवर सात लिटर पाणी उकळायला किती वेळ लागतो, ते घरात विचारा. ट्रकचा ब्रेक एवढी उष्णता चार-पाच सेकंदांत तयार करतो. आणि घाट उतरताना तर ती सारखी तयार होतच राहते. अशा भट्टीच्या शेजारी रबरानं राहायचं आणि काम करायचं!

चिमटीत धरलेली चकती

सायकलचा ब्रेक तुम्ही पाहिला आहे. दोन रबरी ठोकळे दोन्ही बाजूंनी रिमला चिमटीत धरतात. मोटारीचा डिस्क ब्रेक हा त्याचाच थोरला भाऊ. चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरत असते, ती डिस्क. तिच्यावर खेकड्याच्या नांगीसारखा बसवलेला लोखंडी चिमटा म्हणजे कॅलिपर. कॅलिपरच्या आत चकतीच्या दोन्ही बाजूंना दोन पॅड असतात. ब्रेक दाबला की ते चकतीला आवळतात.

ही चिमटी आवळतं कोण? जीप, पिकअप, छोटा टेम्पो अशा गाड्यांत हे काम तेल करतं. पायडल दाबलं की एका नळकांड्यातलं तेल दाबलं जातं. तो दाब बारीक नळ्यांमधून चारही चाकांपर्यंत पोचतो आणि कॅलिपरमधला दट्ट्या पुढे सरकवतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे सतराव्या शतकात फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलनं दाखवून दिलं होतं. त्या नियमाचा हा उपयोग.

पण एक अडचण आहे. दट्ट्या मागेपुढे सरकायचा, तर तो आणि त्याचं नळकांडं यांच्यात बारीकशी फट हवीच. आणि फट म्हटली की तेल गळणारच! लोखंडाला लोखंड कितीही नीट घासून बसवलं, तरी एवढ्या दाबाचं तेल वाट काढणारच. ती वाट अडवायला हवं काहीतरी मऊ, लवचिक, आणि तरी चिवट. म्हणजे रबर!

आपल्या ओळखीचं एक उदाहरण देतो. गावातला हापसा बिघडला, दांडा कितीही हापसला तरी पाणी येईना, की मिस्त्री म्हणतात, "वायसर गेला." पाईपमधे खालीवर होणाऱ्या दट्ट्याला चामड्याच्या किंवा रबराच्या वाट्या बसवलेल्या असतात. त्या झिजल्या की पाणी फटीतून खाली पळतं. आपल्याकडं गावोगाव दिसणारा 'इंडिया मार्क टू' हापसा १९७० च्या दशकात घडला. तो आकाराला यायच्या आधी जालना आणि सोलापूर इथं सुधारलेल्या पंपांवर काम झालं होतं, हे मराठवाड्यातल्या मुलांना माहीत असायला हवं. हापशाच्या वायसरचं जे काम, तेच ब्रेकमधल्या सीलचं. फरक एवढाच, की वायसर गेला तर घागर रिकामी राहते. ब्रेकचं सील गेलं तर...? बरोबर.

एक कडं, दोन कामं

आता खरी गंमत ऐका. कॅलिपरमधलं कडं गोल असतं, पण ते मधेच कापलं तर कापाचा आकार चौकोनी दिसतो. कॅलिपरच्या आतल्या भिंतीत एक खाच असते, तिच्यात ते बसवतात. दट्ट्या या कड्याच्या मिठीत असतो. तेलाचा दाब आला की दट्ट्या पुढे सरकतो, अगदी किंचित, मिलिमीटरचा काही भाग. कडं त्याला सोडत नाही. त्याची आतली कड दट्ट्याबरोबर पुढे ओढली जाते, बाहेरची कड खाचेत अडकलेली राहते. म्हणजे कडं थोडं पिळलं जातं, पण तेल बाहेर जाऊ देत नाही. हे झालं पहिलं काम.

ड्रायव्हरनं पाय उचलला, तेलाचा दाब गेला. आता दट्ट्याला मागे कोण आणणार? तुम्ही म्हणाल, तिथं स्प्रिंग असेल. पण अशा कॅलिपरच्या दट्ट्यामागं बहुधा स्प्रिंग नसते! पिळलेलं कडं आपल्या मूळ आकारात परत येतं आणि येताना दट्ट्यालाही मागे ओढून आणतं. तेवढ्यानं पॅड चकतीपासून सुटतं आणि चाक मोकळं फिरतं. हे झालं दुसरं काम.

आणि पॅड झिजून पातळ झालं की? तेव्हा दट्ट्याला जास्त पुढे जावं लागतं. कडं जेवढं ओढलं जाऊ शकतं तेवढं ओढलं जातं, आणि मग दट्ट्या त्याच्या मिठीतून जरासा घसरून पुढची जागा धरतो. परत येताना मात्र तेवढाच मागे येतो. म्हणजे पॅड आणि चकतीतलं अंतर आपोआप सारखं राहतं. पाना नाही, स्क्रू नाही, एका रबराच्या कड्यानं सगळं केलं!

हे कसं जमतं? कारण रबराला स्वतःचा आकार आठवतो.

शेवयांचा गुंता

रबराचे रेणू फार फार लांब असतात. ताटलीतल्या शेवयांसारखा त्यांचा गुंता झालेला असतो. रबर ताणलं की शेवया सरळ होतात, सोडलं की पुन्हा गुंता होतो. पण नुसत्या शेवया असतील तर त्या एकमेकींवरून घसरतील आणि परत जागेवर येणार नाहीत. झाडाच्या चिकाचं कच्चं रबर असंच असतं. उन्हाळ्यात चिकट, थंडीत कडक.

१८३९ साली अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर यांना आढळलं, की रबरात गंधक मिसळून ते तापवलं की त्याचा स्वभावच बदलतो. गंधकामुळं त्या लांब रेणूंना ठिकठिकाणी एकमेकांशी गाठी बसतात. आता शेवया ताणता येतात, पण घसरून जात नाहीत. गाठी त्यांना जागेवर परत आणतात. रबराची आठवण म्हणजे या गाठी!

आणि आठवण म्हटली की विसरणंही आलं. खूप उष्णता लागली, खूप वर्षं गेली, तर काही ठिकाणी रेणू तुटतात आणि रबर मऊ, चिकट होतं. काही ठिकाणी नको तेवढ्या नव्या गाठी बसतात आणि रबर कडक होऊन त्याला भेगा पडतात. कधी कधी ते दाबलेल्या आकारातच राहतं. घरातल्या कुकरची रिंग जुनी झाली की काय होतं? बाजूनं वाफ जाते, शिटी होत नाही. रिंग फाटलेली नसते, पण ती आपला आकार विसरलेली असते. ब्रेकमधलं कडंही असंच विसरतं. कधी तेल गळू देतं, तर कधी दट्ट्याला मागे ओढायचंच विसरतं. मग पॅड चकतीला घासत राहतं, चाक तापतं, आणि तापलेल्या चाकामुळं कडं आणखी लवकर म्हातारं होतं. असा हा दुष्टचक्राचा फेरा.

मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. उन्हाळ्यात रस्त्यावरची धूळ, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. म्हणून दट्ट्याच्या तोंडाशी आणखी एक रबरी टोपी बसवतात. तिला बूट म्हणतात. बूट फाटला तर धूळ आणि पाणी आत जातं, दट्ट्यावर गंज चढतो, आणि तो खडबडीत गंज कड्याला करवतीसारखा कापतो.

एरंडेल आणि इंजिन ऑइल

रबराचा आणखी एक शत्रू आहे, आणि तो बहुतेक वेळा माणसाच्या हातून येतो. तो म्हणजे चुकीचं तेल.

तेलावर चालणारे ब्रेक नवे होते, त्या काळात ब्रेकसाठी चक्क एरंडेल वापरत! एरंडेलात अल्कोहोल मिसळून ते नळ्यांमधे भरत. आपल्या शेतातला एरंड आणि मोटारीचा ब्रेक, जोडी विचित्र वाटते ना? पण त्यामागं कारण होतं. तेव्हाची सीलं झाडाच्या रबराची असत. खनिज तेल लागलं की ते रबर फुगतं, एरंडेलात मात्र टिकतं.

पुढे रसायनशास्त्रज्ञांनी जास्त उष्णता सोसणारी ब्रेक ऑइलं तयार केली. आज डबीवर 'डॉट ३', 'डॉट ४' असं लिहिलेलं दिसतं, ती हीच. नवं कोरं डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत आणि डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये, असा नियम आहे. पण या तेलांना हवेतला ओलावा शोषून घ्यायची खोड असते. पाणी शिरलं की डॉट ३ चा उत्कलनबिंदू १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. मग लांब घाटात तेलाला उकळी फुटते, वाफेचे बुडबुडे होतात आणि पायडल स्पंजासारखं लागतं. शिवाय त्याच पाण्यानं आतून गंज चढतो. म्हणूनच ब्रेक ऑइल ठरलेल्या मुदतीत बदलायचं असतं. 'अजून चांगलं दिसतंय' हे उत्तर चालत नाही.

या तेलांबरोबर कड्याचं रबरही बदललं. १९६० च्या दशकात आलेलं ई.पी.डी.एम. नावाचं कृत्रिम रबर आज पुष्कळ ब्रेकच्या सीलमधे असतं. ते ब्रेक ऑइलमधे वर्षानुवर्षं ठणठणीत राहतं, उष्णताही चांगली सोसतं. पण त्याच रबराला इंजिन ऑइल, डिझेल किंवा रॉकेल लागलं, की ते पाण्यातल्या हरभऱ्यासारखं फुगतं.

आता हे चित्र डोळ्यांसमोर आणा. मोंढ्यातून माल भरून एक पिकअप निघाली आहे. ब्रेक ऑइल कमी दिसलं. दुकानं बंद. कुणीतरी म्हणतं, "तेल ते तेल! टाका जरासं इंजिन ऑइल, काय होतंय." त्या रात्री काहीच होत नाही. गाडी सुखरूप पोचते. आणि तीच तर फसगत! पुढच्या काही दिवसांत आतली सगळी रबरं हळूहळू फुगत जातात. आधी ब्रेक सुटेनासे होतात, चाकं तापू लागतात. मग एके दिवशी मऊ पडलेल्या रबराची कड फाटते आणि पायडल थेट तळाला जातं. तेव्हा गाडी घाटात असेल की शाळेसमोर, हे कुणी सांगावं?

एकदा अशी चूक झाली की नुसतं तेल बदलून भागत नाही. सगळ्या नळ्या धुऊन, तेलाला लागलेलं झाडून सगळं रबर बदलावं लागतं. सीलं रॉकेलनं धुवायची नाहीत, हा नियमही त्यामुळंच. ब्रेकचे भाग पुसायला ब्रेक ऑइलच वापरायचं.

आणि तो फुस्स्स?

आता मोठ्या गाड्यांकडे वळू. ट्रक आणि एस.टी. यांचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिनाच्या जोरावर चालणारा एक पंप टाक्यांमधे हवा कोंबून भरतो. ड्रायव्हरनं पायडल दाबलं की ती हवा चाकाजवळच्या एका डब्यात शिरते. त्याला चेंबर म्हणतात. चेंबरच्या आत रबराचा एक जाड पडदा ताणून बसवलेला असतो. त्यात कापडाचा थर असतो, म्हणून तो फाटत नाही. हवा त्या पडद्याला ढकलते आणि पडदा एका दांड्याला ढकलतो.

किती जोरानं? चेंबरला नंबर असतात. २४ नंबरचा चेंबर म्हणजे ज्याच्या पडद्याचं कामाचं क्षेत्रफळ २४ चौरस इंच, म्हणजे साधारण १५५ चौरस सेंटिमीटर. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो धरला, तर गुणाकार करा. १,०८५ किलो! दहा क्विंटलहून जास्त जोर, आणि तो पेलतो कोण? ताटलीएवढा रबरी पडदा.

आपल्याकडच्या बहुतेक ट्रकांच्या चाकात डिस्क नसते, ड्रम असतो. तिथं हा दांडा आतले लायनर ड्रमला भिडवतो. पण बऱ्याच मोठ्या आरामबसना आणि काही नव्या अवजड गाड्यांना हवेवर चालणारे डिस्क ब्रेक येतात. त्यांच्या कॅलिपरमधे तेल नसतं. चेंबरचा दांडा कॅलिपरच्या आतल्या एका तरफेला ढकलतो, तरफ तो जोर कितीतरी पटींनी वाढवते आणि आतलं पॅड चकतीवर दाबते. मग सगळा कॅलिपर दोन गुळगुळीत खिळ्यांवरून सरकतो आणि बाहेरचं पॅडही ओढून आणतो.

इथं तेल अडवायचं नाही, मग रबराचं काम काय? पहारा! ढकलणाऱ्या भागांवर आणि त्या दोन खिळ्यांवर रबरी बूट असतात. ते धूळ आणि पाणी आत येऊ देत नाहीत. एक बूट फाटला, की पावसाळ्यात खिळा गंजतो. गंजला की कॅलिपर सरकत नाही. मग एकच पॅड सगळं काम करतं आणि भराभर झिजतं, नाहीतर ब्रेक नीट सुटतच नाही आणि चाक तापत राहतं. जळका वास येतो तो यामुळंही. म्हणून जाणता मेकॅनिक पॅड बदलताना आधी बुटाला बोट लावून बघतो, कुठं भेग आहे का!

आता तुमचं उत्तर काढा. ड्रायव्हरकाकांनी दांडी ओढली, हवा सुटली, तेव्हा ब्रेक सुटला की लागला?

लागला! ही मोठी हुशारीची योजना आहे. गाडी उभी करायच्या ब्रेकला एक दणकट स्प्रिंग असते. ती सतत ब्रेक लावायला टपलेली असते. गाडी चालू असताना हवेचा दाब तिला मागे दाबून धरतो. दांडी ओढली की ती हवा 'फुस्स्स' करून बाहेर जाते आणि स्प्रिंग ब्रेक लावून टाकते. म्हणजे त्या भागातली सगळी हवा गळून गेली, तर गाडी मोकाट सुटत नाही, उलट जागेवर जखडते. 'बिघडलं तर थांब' हा विचार जुना आहे. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी १८७० च्या दशकात रेल्वेसाठी असाच हवेचा ब्रेक बनवला होता. डब्यांमधली नळी तुटली की गाडी आपोआप थांबायची.

पण म्हणून पडद्याकडे दुर्लक्ष चालत नाही. पायडल दाबल्यावर चाकाजवळ बारीक 'सूं' आवाज येत राहिला, तर समजावं की हवा कुठंतरी वाट काढते आहे. तिथं पडदा फाटत आला असेल. तो अगदी फाटायच्या आधी दिलेला निरोपच म्हणा ना!

बर्फाच्या पाण्यातलं कडं

रबर विसरलं तर काय होतं, हे सगळ्या जगानं एकदा पाहिलं आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं 'चॅलेंजर' हे अवकाशयान उडालं आणि ७३ सेकंदांत आकाशात नष्ट झालं. सातही अंतराळवीर गेले. त्यांत एक शाळेतल्या बाई होत्या.

चौकशी समितीत रिचर्ड फाइनमन हे नोबेल पारितोषिक मिळालेले शास्त्रज्ञ होते. त्यांनी सगळ्यांसमोर एक साधा प्रयोग केला. यानाच्या रॉकेटमधे वापरतात त्या रबरी कड्याचा तुकडा चिमट्यात दाबून त्यांनी बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून चिमटा सोडला. रबर लगेच मूळ आकारात आलंच नाही! उड्डाणाच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. रॉकेटच्या सांध्यातलं कडं थंडीनं आपला आकार विसरलं, फट उघडी राहिली आणि तापलेला वायू बाहेर आला. थंडीत उड्डाण करू नका, असं काही इंजिनियर आदल्या रात्री सांगत होते. त्यांचं ऐकलं गेलं नाही.

तुळजापूरचा घाट आणि अवकाशयान यांत केवढं अंतर! पण गोष्ट तीच. कडं लहान होतं म्हणून त्याची काळजी लहान मानली गेली.

करून बघा

१. सुई नसलेल्या, नव्या, कोऱ्या दोन सिरिंज आणि सलाइनच्या नळीसारखी एक बारीक नवी नळी घ्या. एक सिरिंज लहान, एक मोठी. पाणी भरून जोडा, बुडबुडा राहू देऊ नका. लहान सिरिंज तुम्ही दाबा, मोठी मित्राला अडवून धरायला सांगा. कोण जिंकतं? आता मुद्दाम एक बुडबुडा ठेवून पुन्हा करा. 'स्पंजासारखं पायडल' म्हणजे काय ते बोटालाच कळेल.

२. सारख्या मापाची दोन रबरबँड घ्या. एक पाण्यात, एक खोबरेल तेलात बुडवून दोन-तीन दिवस ठेवा. मग पुसून पट्टीनं मोजा, आणि हलकेच ताणून बघा. तुमचे आकडे वहीत लिहा.

एक ताकीद मात्र पाळा. ब्रेक बघायला म्हणून कुठल्याही गाडीखाली जायचं नाही आणि थांबलेल्या ट्रकच्या चाकाला हात लावायचा नाही. तो भाजण्याइतका तापलेला असू शकतो. बघायचं असेल तर ओळखीच्या गॅरेजमधे मोठ्या माणसाबरोबर जा आणि जुनं, काढून टाकलेलं सील मागा. ते दोन बोटांत दाबा, आणि शेजारी नवं दाबून बघा. दोघांची आठवण किती वेगळी, ते कळेल.

तुमच्यापैकी कुणी उद्या नांदेडच्या नाहीतर लातूरच्या आय.टी.आय.मधे मोटार मेकॅनिकचा ट्रेड घेईल. कुणी ट्रकचा मालक होईल, कुणी ड्रायव्हर. तेव्हा एक प्रसंग नक्की येईल. कॅलिपर उघडलेला असेल, पॅड नवे आणलेले असतील, जुनं कडं हातात असेल. ते फाटलेलं नसेल. कुणीतरी म्हणेल, "चालतंय की अजून. पुसून बसवून टाक." कॅलिपर एकदा बंद झाला की आत नवं आहे की जुनं, हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. मालकाला नाही, ड्रायव्हरला नाही, आणि मागच्या सीटवर आईच्या मांडीवर झोपलेल्या लेकराला तर नाहीच. ते फक्त बसवणाऱ्याला माहीत असतं. अशा वेळी नवं कडं बसवायचं, आणि जुनं कापून टाकायचं, म्हणजे दुसरंही कुणी ते पुन्हा वापरणार नाही.

या आठवड्याचं कोडं : एका रबरबँडला वजन टांगा. तो ताणला जाईल. आता त्या ताणलेल्या रबरबँडला ऊन दाखवून नाहीतर गरम हवेनं जरा तापवा. वजन खाली जाईल की वर येईल? लोखंडाची तार तापली की लांबते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. रबराचं काय? आधी अंदाज लिहा, मग प्रयोग करा. शेवयांचा गुंता आठवला तर कारणही सापडेल. उत्तर पुढच्या अंकात!